मोकळ्या हवेत शिवलेले टी-शर्ट

सोमवार, २१ एप्रिल

शिवांगे, तारीख आधी लिही. न्हाई तर बाकीचं सगळं लिहिशील आन तारीखच विसरशील. माझा पुरणाचा स्टीलचा डबा दिवाळीपासून तुझ्या होस्टेलात पडून हाय, तो तरी आठवतो का? विसरायचं हे दुखणं तुला बापाकडून आलं आन बापाला त्याच्या बापाकडून. तुझे आजोबा एकदा मला उमरीच्या बाजारात विसरून, गाडी जुंपून, खुशाल घरी गेले होते. घरी गेल्यावर मलाच हाका मारून राहिले, की पाणी आण.

तर ही रोजनिशी माझी. कोणी वाचायची न्हाई. मला स्वतःला बी वाचता येत न्हाई, म्हणजे गुपित लई जपून राहणार. मी मोबाईलात बोलायचं, तू तिकडं नांदेडात विष्णुपुरीला बसून ऐकायचं आन वहीत उतरवायचं. बोलले तस्सं. मधात इंजिनिअरिंग घालू नको.

संक्रांतीला चार दिवस म्हणून लातूरला तुझ्या बापाकडं आले, ते चार दिवस अजून संपून नाही राहिले. फ्लॅटात दिवसभर मी आन टीव्ही. तुझ्या आईनं, आरतीनं, त्याचा आवाज बारीक करून ठेवलेला, रिमोट मला कळत न्हाई. आतली माणसं नुसती तोंडं हलवतात. पण काल तू फोनवर म्हणलीस, आज्जी, टी-शर्ट हातात घेतला की विचारावं, हा शिवणारी बाई घरी कधी गेली, तिला पाणी प्यायला उठू दिलं का, दार उघडं होतं का. कॉलेजात कोणी तरी भाषण देऊन गेलं म्हणे. मी म्हणले, भाषण कशाला? तुझ्याच बापाचं टी-शर्टाचं युनिट हाय, मीच जाऊन बघते.

आदिनाथला सांगितलं. तो लगेच हाव म्हणला. लेक असावा तर असा.

उद्यापासून मी चेकिंग ऑफिसर. गावाला पुढल्या सोमवारी जाईन.

मंगळवार, २२ एप्रिल

युनिट म्हणजे पत्र्याचं शेड. समोर एकच शटर, मागं दार न्हाई, वर एक पंखा भिंतीत बसवलेला. मशिनी ओळीनं. बायका मान खाली घालून शिवून राहिल्या.

मला खुर्ची दिली. एक पाय आखूड हाय, पण खुर्ची हाय. बायकांना नुसते स्टूल. तिथंच फरक कळतो. आदिनाथनं हातात एक बारकी कात्री दिली आन म्हणला, आई, तू फक्त धागे बघ. शिवलेल्या टी-शर्टाला जागोजाग धाग्यांची शेपटं राहतात, ती उडवायची. ऑफिसरला हत्यार लागतंच. ढीगभर उडवली.

शेजारच्या मशिनीवर जगदेवी. चिपाडासारखी बारीक. हिची पोरगी चार महिन्यांची, घरी सासूजवळ. आधी ही दुपारी पळत जाऊन पोरीला पाजून येत होती. पण आता मोठी ऑर्डर हाय. आरतीचा भाऊ सत्यम, त्याची नांदेडला हळद, वऱ्हाडाला पिवळे टी-शर्ट, वरातीला पांढरे. म्हणून आदिनाथ सकाळी बायका आत आल्या की शटर ओढतो, दोन्ही अंगांनी कुलूप लावतो, ते संध्याकाळीच काढतो. मोबाईल बी काढून घेतो, केबिनमधल्या पेटीत. कामात खंड पडायला नको म्हणे.

जगदेवी म्हणली, आई, छाती दगडासारखी होते हो दुपारी. पोरगी तिकडं साखरपाण्यावर. मालकाला सांगा ना, दुपारी तेवढं शटर उघडा.

मी म्हणले, एवढंच? माझ्या पोटचा हाय तो. आज संध्याकाळी सांगते.

मागल्या मशिनीवरची नीलम्मा, उदगीरकडची, तोंडाची फटकळ. ती म्हणली, सांगा सांगा, आम्ही बसलोच हाय इथं.

रात्री सांगायला गेले. जेवत होता. जेवत्या माणसाच्या ताटात विषय टाकू नये. उद्या.

बुधवार, २३ एप्रिल

आज मालाची परीक्षा घेतली. एक पिवळा टी-शर्ट उजेडात धरला तर पलीकडं माझ्या बांगड्या दिसल्या. रंगासकट. आदिनाथला म्हणले, बाबा, हे कापड हाय का चहाची गाळणी? तो म्हणला, आई, उन्हाळ्याची हळद हाय, हवा खेळती पाहिजे. विचार केला तर खरंच की. लेकानं किती पुढचं पाहिलं.

गळ्याची पट्टी ओढून पाहिली. गेली ती गेलीच, मागं आली न्हाई. म्हणला, आप्पासाहेबांचं डोकं मोठं हाय, म्हणून. आप्पासाहेब म्हणजे सत्यमचे वडील, त्याचा सासरा. डोकं मोठं हाय, हे मात्र मी लग्न ठरवतानाच म्हणले होते.

घरी नेऊन एक बादलीत भिजवला. चुकून माझं पांढरं लुगडं त्याच बादलीत. दोन्ही पिवळे. आधी राग आला. मग म्हणले, हळदीचा टी-शर्ट हाय, हळद सोडणारच. शुभच हाय.

दर्जा: पास.

जगदेवीचं सांगायचं राहिलं. लुगड्याच्या नादात डोक्यातून गेलं. उद्या पक्कं.

शुक्रवार, २५ एप्रिल

काल बोलले न्हाई, कारण काल सांगण्यासारखं काही केलं न्हाई.

आज मात्र ठरवूनच केबिनमधी गेले. पदर खोचून. आदिनाथ, म्हणले, त्या शटरच्या कुलपाबद्दल बोलायचं हाय. त्यानं मान वर केली. तुला माहीत हाय ना, हा असा भुवया वर करून बघतो, अगदी लहानपणी आजारी पडल्यावर बघायचा तसा. माझ्या तोंडातून निघालं, डाव्या अंगाचं कडं सैल झालंय रे, हातानं हलवलं तरी हलतं, कोणी चोर आला तर?

खरंच सैल हाय. मीच येता-जाता पाहिलं होतं.

तो एवढा खूश झाला की विचारू नको. म्हणला, बघ, घरचं माणूस म्हणजे घरचं माणूस. पाच मेला नांदेडचं लग्न उरकलं की दुसऱ्याच दिवशी वेल्डर बोलवून पक्कं करतो.

बाहेर आले तर सगळ्या बायका मशिनी थांबवून माझ्याकडं बघून राहिल्या. केबिनचं पार्टिशन पातळ हाय. नीलम्मा म्हणली, वा आई, कुलूप काढायला गेल्या आन पक्कं करून आल्या.

जगदेवीच्या ब्लाउजचा पुढा ओला झाला होता, तिनं टी-शर्टाची चिंधी आत कोंबून पुन्हा मशीन सुरू केली.

ऑफिसरशी बायका थोडं अंतर ठेवूनच वागतात. तसंच पाहिजे.

शनिवार, २६ एप्रिल

आज माझा फोटो काढला! आदिनाथला वाटलं असंल, की आईनं मालासाठी एवढं केलं, आपण काय केलं? खुर्चीत बसवलं, हातात कात्री, मांडीवर टी-शर्ट, आन म्हणला, हस. मला हसायला जमत न्हाई असं कोणी म्हणलं? त्यानं एक काढला, दोन काढले. फोटोसाठी शटर अर्धं वर केलं, उजेड पाहिजे म्हणून. बायका उठून उभ्या राहिल्या, वाऱ्याला. फोटो झाला तसं शटर खाली.

म्हणला, आई, तुझा फोटो प्रत्येक टी-शर्टाला टॅगवर लागणार. पुण्याचे मोठे दुकानवाले हल्ली बघतात, माल कोणाच्या हातचा हाय.

आता अशा वेळी शटरचं कसं काढणार? माणूस आपला मान करून राहिला आन आपण तक्रार घेऊन जायचं? जगदेवीला खुणेनं सांगितलं, उद्या. उद्या रविवार हाय, हे तिनंच खुणेनं सांगितलं.

सोमवार, २८ एप्रिल

गावाला जाणार होते. न्हाई गेले. माझ्याशिवाय धागे कोण बघणार? आधी एक ढीग होता, आता तीन असतात. भरवसा वाढत चालला हाय. सकाळी आदिनाथ म्हणला, आई, कालचे राहिलेत ते आधी उरक. मी म्हणले, काल तर सुट्टी होती. तो म्हणला, म्हणूनच राहिले.

कामाच्या भानगडीत दुपारी पाणी प्यायला उठायचं राहिलं. तुझ्या भाषणातलं आठवलं. पण मला कोणी अडवलं न्हाई, मीच उठले न्हाई. ढीग संपल्यावर उठू म्हणलं, तो संपला न्हाई. ह्यात मालकाचा दोष न्हाई.

पाय सुजले. आरती म्हणली, आई, घरी बसा. मी म्हणले, घरी बसून टीव्हीची तोंडं बघू?

मंगळवार, २९ एप्रिल

टॅग आले. हाताएवढे. माझा फोटो, कात्री, मागं उजेड. लई झाक. खाली चार ओळी छापलेल्या. मी सगळ्यांना दाखवून आले. जगदेवीला म्हणले, तू सातवी शिकलेली, वाच बरं.

तिनं मशीन थांबवली आन मोठ्यानं वाचलं, अगदी शाळेत वाचतात तसं: आईच्या नजरेखाली. मोकळ्या हवेत. आनंदी हातांनी शिवलेला.

शेडमधी मशिनी थांबल्या. पंखा तेवढा कुरकुरत होता. मग नीलम्मा फिसकन हसली, आन तिच्यामागून सगळ्याच. पोट धरून. डोळ्यांना पदर लावून. नीलम्मा म्हणली, पुन्हा वाच गं, ते हवेचं पुन्हा वाच. जगदेवीनं पुन्हा वाचलं. ह्या खेपेला तिला शेवटपर्यंत वाचता आलं न्हाई.

मी बी हसले. त्यांना माझा फोटो आवडला.

घरी येऊन मात्र झोप लागेना. ते हवेचं वाक्य कोणी लिहिलं असंल? आदिनाथचं मराठी कधीपासून एवढं चांगलं झालं?

बुधवार, ३० एप्रिल

आज अक्षय तृतीया. सकाळीच ठरवलं की सांगायचंच. मग आठवलं, आज घागर भरायची, पितरांचं पान वाढायचं, आमरस करायचा. सणासुदीला वाद नको. तुझे आजोबा वरून बघत असतात, पोराला बोललेलं त्यांना खपत नव्हतं.

आदिनाथ तीन वाट्या रस प्यायला. मी चौथी वाढली.

युनिट चालूच होतं. जगदेवी म्हणली, आई, पोरीला आज पहिल्यांदा कैरीचा वास देणार होते. मी म्हणले, चार महिन्यांच्या पोरीला कैरी देत्यात व्हय येडे? ती म्हणली, देत न्हाईत. नुसता वास.

गुरुवार, १ मे

आज कामगार दिन हाय, हे मला आदिनाथकडूनच कळलं. सकाळी सगळ्या बायकांना एकेक मोतीचुराचा लाडू. माझ्या हातानं वाटायला लावला. प्रत्येकीचा लाडू देतानाचा फोटो. मग म्हणला, आज सगळीकडं सुट्टी असते, बाहेरून कोणाला दिसायला नको, आवाज कमी ठेवा. शटर ओढलं, कुलूप लावलं.

पंखा बी बंद ठेवला, त्याचा बाहेर आवाज जातो म्हणून. दुपारी पत्रा एवढा तापला की लाडवातलं तूप कागदावर उतरलं. नीलम्मानं आपला लाडू खाल्ला न्हाई. माझ्या ढिगावर आणून ठेवला. म्हणली, ऑफिसरला.

मी खाल्ला. अन्न टाकू नये.

शुक्रवार, २ मे

जगदेवीच्या पोरीला ताप. सकाळी आली ती डोळे सुजवूनच. म्हणली, आई, आज तुम्ही न्हाई बोललात तर मी स्वतः बोलते. गेलं काम तर जाऊ द्या. मी तिचा हात धरला. म्हणले, जगदेवे, तू बोलशील तर तो चिडेल, मी बोलले तर विरघळेल. पद्धत असते बोलायची. माझ्यावर सोड.

तिनं सोडलं, गं. माझ्या शब्दावर.

केबिनमधी गेले. दार लावून घेतलं. आदिनाथ, म्हणले, त्या जगदेवीची पोरगी. तो म्हणला, काय झालं पोरीला? मी म्हणले, ताप हाय. तो म्हणला, अरेरे. खरंच म्हणला, मनापासून. मन वाईट न्हाई त्याचं. मग त्याचा फोन वाजला. आप्पासाहेब. टी-शर्टावर सत्यमचं नाव मोठं पाहिजे का नवरीचं. बराच वेळ हाव मामा, हाव मामा. मी उभी. फोन ठेवून म्हणला, आई, तुझी खुर्ची टोचते का? थांब, ही घे, आन आपल्या बुडाखालची गादी काढून मला दिली.

मालकाची गादी, शिवांगे! बाहेर घेऊन आले. जगदेवीनं गादीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

म्हणले, अर्धं काम झालं.

शनिवार, ३ मे

आता ऐक, पक्की योजना. उद्या हळद. पिवळा माल घेऊन गाडी सकाळी नांदेडला निघणार. पुढं आदिनाथ, शेजारी मी. आरती परवाच माहेरी गेली, म्हणजे गाडीत आम्ही दोघंच. लातूर ते नांदेड एवढा लांब रस्ता. जेवण न्हाई, सण न्हाई, केबिन न्हाई, फोन आला तर गाडी चालवताना उचलायचा न्हाई. पळून पळून जाईल कुठं? अहमदपूर यायच्या आत सगळं बोलून टाकते. कुलूप, पाणी, पंखा, मोबाईलची पेटी. लोह्यापर्यंत त्याला पटेल. नांदेडात शिरताना आम्ही दोघं हसून राहू.

जगदेवीला सांगितलं, मंगळवारपासून शटर उघडं. लिहून घे म्हणले. ती म्हणली, आई, मंगळवारी तर वेल्डर येणार हाय.

हिरवं लुगडं काढून ठेवलं. त्या पिवळ्यावर हिरवं उठून दिसतं.

रविवार, ४ मे. सकाळी

युनिटवर हाय. हिरवं लुगडं, नथ, सगळं. बायकांना आज बी बोलावलंय, वरातीचे पांढरे संपवायला. आदिनाथ म्हणला, आई, उन्हात नको उभी राहू, आत बस, गठ्ठे गाडीत टाकले की हाक मारतो. मी आत खुर्चीत, गादीवर. तो एकेक गठ्ठा नेऊन राहिला. मागली सीट भरली. मग पुढली.

शटर ओढल्याचा आवाज आला. उजवं कुलूप. डावं कुलूप. गाडीचा आवाज.

पेट्रोल भरायला गेला असंल.

रविवार, दुपारी

हवा बी तपासत असंल टायरची.

रविवार, नंतर

लाईट गेली. मशिनी बंद, पंखा बंद. बायका शटरच्या फटीजवळ ओळीनं बसल्यात, खालून चार बोटं हवा येते तिथं. आज एमआयडीसीत चिटपाखरू न्हाई. हाका मारून पाहिल्या. मोबाईल एकट्या माझ्याकडं, ऑफिसर म्हणून. बाकीच्यांचे पेटीत, पेटी केबिनमधी, केबिनला बी कुलूप. घरचे नंबर कोणाला पाठ न्हाईत, ते बी पेटीतल्या मोबाईलात.

तू हळदीतून पाठवलेला फोटो आला; तू तिथं नाचण्यात, माझं हे बोलणं रात्रीच ऐकशील. जगदेवीनं उघडून दाखवला. सगळं वऱ्हाड पिवळंधमक, पाण्यानं चिंब. टी-शर्ट भिजून लोंबलेत. आप्पासाहेबांचा गुडघ्याखाली गेलाय, गळा खांद्यावरून उतरलाय, बाळंतविड्यातलं झबलं घातलेलं बाळ वाटून राहिले, मिशीवालं. तोंड, मान, हात सगळे पिवळे. ती हळद न्हाई, ते कापड हाय, मला ओळखू येतं. त्यांच्या छातीवर टॅग तसाच राहिलाय. त्यात मी. हसून राहिले.

मागं आदिनाथ नाचताना. दोन्ही हात वर.

माझी आठवण काढूनच नाचत असंल.

नीलम्मा म्हणली, आई, तुमचा लेक तुम्हाला विसरला. मी म्हणले, विसरला न्हाई, जागा नव्हती. गठ्ठ्यांना जागा पाहिजेच ना.

जगदेवी म्हणली, निघताना पोरगी डोळे उघडून नव्हती राहिली. सासू म्हणली, दुपारी ये, मग दवाखान्यात जाऊ. आता लावते मी फोन. पण तुम्हीच बोला. तुम्ही म्हणला होतात.

लावला. वाजला, वाजला, वाजला. आन उचलला, शिवांगे! मागं डीजे असा की कानात खिळे. आदिनाथ ओरडून म्हणला, आई, बोल! सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं. जगदेवीनं माझा गुडघा धरलेला.

मी म्हणले, जेवलास का रे?

तो म्हणला, हाव! तू मागच्या गाडीत हायस न्हवं, आरतीच्या काकांसोबत?

मी म्हणले, हाव.

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलून न्हाई राहिला.

आता तूच सांग. भोवती त्याची सासुरवाडी. सगळ्यांसमोर म्हणायचं का, की तू तुझ्या आईला कोंडून आलास? त्याची इज्जत काय राहिली असती? थोडा विचार करावा लागतो माणसाला.

जगदेवीनं माझा गुडघा सोडला. उठली, शटरच्या डाव्या अंगाला गेली, आन ते कडं हातानं हलवून पाहिलं.

रविवार, संध्याकाळ होऊन राहिली

डावं कडं निघालं. इस्त्रीच्या टेबलाचा लोखंडी पाय घालून चौघींनी जोर केला, तसं दात पडल्यासारखं निघून आलं. वेल्डर आला असता तर न्हाई निघालं. उजवं कुलूप तसंच, त्यामुळं शटर एका अंगानंच वर झालं, तिरपं. खाली स्टूल लावला. मग जगदेवी जमिनीला पाठ लावून, पांढऱ्या टी-शर्टांवरून घसरत बाहेर. पळाली ती चपला आतच ठेवून. मागून बाकीच्या. वरातीचे पांढरे टी-शर्ट आता मातीचे झालेत, पण त्यांनीच पाठी वाचवल्या. एवढी मजबुती तर हायच मालात, लिहून ठेव.

मी शेवटी. ऑफिसर शेवटी निघतो. डोकं निघालं, खांदे निघाले. कंबर म्हणली, मी न्हाई येत. नीलम्मा बाहेरून ओढून राहिली आन म्हणून राहिली, आई, श्वास सोडा. श्वास सोडला तर लुगडं अडकलं. मग मीच म्हणले, राहू दे, माल उघड्यावर टाकून जाणं बरं न्हाई, कोणी तरी थांबायला पाहिजे. मागं सरकले. सरकताना पाय स्टूलाला लागला. स्टूल गेला, शटर खाली आलं आन तिरपं अडकून बसलं, बाहेरून ओढून बी हलेना. पुन्हा चार बोटं.

तर मी थांबले हाय. स्वतःच्या मर्जीनं. गादी हाय, खुर्ची हाय. भोवती टॅगांचे गठ्ठे, सगळीकडं मीच हसून राहिले. ते खाली काय लिहिलंय ते आता मला पाठ हाय.

मधात जगदेवी आली. कडेवर पोरगी. पोरीला दवाखान्यातून आणली, औषध दिलं, अंगावर पिऊन झोपली. फटीतून मला पोरीचा एक पाय दिसला. एवढासा. लोंबता, निवांत.

जगदेवी खाली वाकून म्हणली, आई, आमच्या ह्यांना घण घेऊन बोलावलंय, आत्ता कुलूप फोडतात. मी म्हणले, कुलपाला हात लावू नका गं. आदिनाथला वाईट वाटेल. उद्या लग्न लागलं की तो येईलच, आल्या आल्या मी त्याला सगळं सांगते. उद्या पक्कं.

नीलम्मा बाहेर खो खो हसली. जगदेवी हसली न्हाई. ती म्हणली, बरं आई. तोवर खायला काय पाठवू?

आता हे नीट लिही, शिवांगे, न्हाई तर विसरशील. जगदेवे, तू बी ऐक. वरण नको, फटीतून सांडतं. भात नको. फुगलेली भाकरी नको, अडकते. ज्वारीची भाकरी घे, अगदी पातळ थापलेली, माझ्या त्या टी-शर्टाच्या कापडासारखी, पलीकडचं दिसंल अशी. तिच्यावर घट्ट पिठलं पसरून घडी कर, बाजूला शेंगदाण्याची चटणी. आन आडवी सरकव, डाव्या अंगानं.